पावाचा गाभा

३ सप्टेंबर, मंगळवार

अन्यायाची सुरुवात नेहमी लहानशा जागी होते. आमच्या घरात ती पावाच्या पोटात झाली.

सकाळी चाकू घेऊन बसलो, पाव कापला, तर आत काहीच नाही. बाहेरून खरपूस, गुटगुटीत, काल संध्याकाळी आणला तसाच. आतून नुसता बोगदा. गाभा कोणीतरी बोटांनी कोरून नेला होता. समोर सासूबाई शेवटच्या मऊ गोळ्याला साखर लावत होत्या. चेहऱ्यावर पश्चात्तापाची एक रेषा नाही. चेहऱ्यावरच्या रेषा हा हल्ली माझा अभ्यासाचा विषय आहे, त्यामुळे हे अधिकाराने लिहितो.

"आई, तो गाभा माझ्या कामाचा होता."

"माझ्याही," असं म्हणून त्यांनी तो तोंडात टाकला.

पुढेमागे चौकशी झालीच तर कागदोपत्री असावं म्हणून माझी बाजू मांडून ठेवतो. मी ज्या शाळेत जुन्या पद्धतीचं रेखाटन शिकतो तिथे रबर आणणं म्हणजे देवळात चपला घालून शिरणं. कोळशाने काढलेली रेघ पुसायची ती पावाच्या मऊ गाभ्याने. त्याची गोळी करायची, हलकेच टेकवायची, कोळसा आपोआप टिपला जातो आणि कागदाला ओरखडा उठत नाही. थोडक्यात, पाव हे माझ्यासाठी अन्न नसून शैक्षणिक साहित्य आहे.

हे मी टेबलावर शांतपणे समजावून सांगितलं. कन्या म्हणाली, "म्हणजे बाबा, तू आजीच्या तोंडातला घास चित्रासाठी काढून घेणार. हे तुझ्या सदरात लिही ना."

सदर बंद आहे, हे तिला माहीत आहे. माझ्या बायकोच्या कंपनीने हिला काही महिन्यांसाठी या परक्या शहरात पाठवलं. घरी मागे एकट्या कशा राहतील म्हणून सासूबाई आल्या, कॉलेजला सुटी म्हणून कन्या आली, आणि सामानाबरोबर मी आलो. येताना वाचकांचा निरोप घेताना मी जरा हात मोकळा सोडून लिहिलं, की इतकी वर्षं लोकांचे चेहरे शब्दांनी विद्रूप केले, आता परत येईन तो एक खरा चेहरा हाताने काढूनच. संपादकांनी लगेच कळवलं, सदराच्या जागी चेहरा छापू. ते ही गोष्ट विसरणार नाहीत. शब्दांपेक्षा चित्र स्वस्त पडतं.

आजवर माझ्या हातून जे उतरलं आहे ते प्लास्टरचं एक नाक. तेही कोणाचं ते माहीत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

गजर लावून उठलो. गाभा कोरला, डब्यात भरला, डबा झोळीत टाकला. टेबलावर पावाच्या कडा तेवढ्या ठेवल्या, नीट रचून. आपण काही राक्षस नाही.

सासूबाई आल्या. कडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नातीला म्हणाल्या, "त्यांना सांग, माझी कवळी नवी आहे."

मी हाताच्या अंतरावर बसलो होतो.

"बाबा, आजीची कवळी नवी आहे."

"आजीला सांग, माझी कलाही नवी आहे."

"आजी, बाबा म्हणतोय..."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून."

अशा रीतीने अबोला जाहीर झाला. ही ऑफिसला निघता निघता म्हणाली, "तुमच्या दोघांच्या वयाची बेरीज करा आणि मग पावावरून भांडा. मी आजपासून दोन पाव आणते."

प्रश्न पावाचा नसून तत्त्वाचा आहे, हे हिच्या लक्षात येत नाही. पण आणू दे दोन.

९ सप्टेंबर, सोमवार

आज दोन घटना. सकाळी सासूबाईंनी किटलीतला चहा कपात न ओतता कपाच्या शेजारी ओतला, अगदी शांतपणे, आणि तो ओघळ टेबलावरून थेट माझ्या कागदांपर्यंत आला. अबोला मी समजू शकतो. हा सशस्त्र उठाव झाला.

दुपारी दुसरी. इथल्या दाराला ओढलं की आपोआप बंद होणारं कुलूप आहे. कचरा टाकायला बाहेर गेलेल्या सासूबाई संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून होत्या. किल्ली त्यांच्या कमरेलाच होती. कुलपाचं भोक सापडलं नाही म्हणे. इतक्या मोठ्या दारावर इतकं मोठं भोक! पण मी शोधलेल्या घराला नावं ठेवायची एकही संधी त्या दवडत नाहीत.

ही म्हणाली, "उद्यापासून आईला बरोबर न्या."

"स्टुडिओत? तिथे कलेचं वातावरण असतं."

"मग आईमुळे जरा हवापालट होईल त्या वातावरणाचा."

१० सप्टेंबर, मंगळवार

नेलं. रस्ता ओलांडताना आणि स्टुडिओचा दगडी जिना चढताना त्यांनी माझी बाही धरली ती वर पोचेपर्यंत सोडली नाही. बोलायचं नाही, पण निसटूही द्यायचं नाही. पोलीस असेच नेतात.

स्टुडिओ म्हणजे उंच छताची एक थंड खोली, उत्तरेला भिंतभर खिडकी, फळ्यांवर प्लास्टरची मुंडकी, आणि सगळ्यावर कोळशाची पूड. बाईंच्या हातात सदैव दोरीला लटकवलेलं शिशाचं वजन असतं. तो ओळंबा समोर धरून त्या नाक, हनुवटी, खुर्चीचा पाय आणि विद्यार्थ्याचं चारित्र्य, सगळं सरळ आहे का ते तपासतात. मी त्यांचं नाव ओळंबाबाई ठेवलं आहे. आमच्या दोघांचंही इंग्रजी मोडकं आहे, पण वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं.

सासूबाईंना कोपऱ्यात खुर्ची दिली. पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि बसल्या. राग आला की त्या बोलत नाहीत, आपटत नाहीत, बसतात. मला तो बसण्याचा प्रकार माहीत आहे. लग्न ठरलं तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आमचा मॉडेल, ज्याला मी चुळबुळे म्हणतो, तो आज तिसऱ्यांदा खाजवायला उठला आणि ओळंबाबाईंनी त्याला कोट हातात दिला. मग वळल्या. कोपऱ्यात सासूबाई, सकाळी बसवल्या होत्या तशाच. डोक्यावर माशी बसून उडून गेली होती, तरी त्या हलल्या नव्हत्या.

"ही बाई," ओळंबाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "संगमरवर आहे."

"नाही हो, रागावल्या आहेत," मी म्हटलं.

"किती दिवस रागावलेल्या राहतील?"

"तुमचं सत्र आरामात निघेल."

आता त्यांना विचारायचं कोणी? मीच. आणि त्या मला उत्तर देणार नाहीत. विचारलं. सासूबाई शेजारच्या फळीवरच्या प्लास्टरच्या मुंडक्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांना सांग, बसेन मी. नाहीतरी बसलेलीच आहे. पण खुर्ची त्या खिडकीपासून फिरवा म्हणावं. डोळ्यावर ऊन येतं."

उत्तरेच्या खिडकीतून ऊन! चित्रकारांनी शतकानुशतकं उत्तरेची खिडकी निवडली ती तिथून ऊन येत नाही म्हणून. पण मुंडक्याशी वाद कोण घालणार? मी भाषांतर केलं. ओळंबाबाईंनी खुर्ची बोटभर फिरवली, चष्मा काढून ठेवायला सांगितलं, आणि मागे सरकून नुसत्या बघत राहिल्या.

सत्राच्या शेवटी हीच चित्रं परीक्षेला धरणार आहेत. पास झालो तर माझा चेहरा छापला जाईल. नापास झालो तर पुन्हा नाक. त्या चेहऱ्यासाठी मी जगभर हिंडायला तयार होतो, आणि मिळाला तो घरून डब्यात घालून आणल्यासारखा.

१८ सप्टेंबर, बुधवार

पद्धत अशी: जमिनीवर चिकटपट्टीची खूण, तिथे पाय रोवायचे. तिथून बघायचं, पुढे जाऊन एक रेघ काढायची, मागे येऊन पुन्हा बघायचं. दिवसभर पुढेमागे. सासूबाईंसमोर इतके पाय मी लग्न ठरण्याआधी घासायला हवे होते. तेव्हा राहिला, म्हणून तो व्यायाम आत्ता चालू आहे.

इतकी वर्षं ज्या चेहऱ्याकडे मी तिरक्या नजरेने पाहिलं, तो आज ओळंब्याने मोजतो आहे. कपाळ जमलं. गाल बसला. हनुवटी माझ्या बायकोची निघाली, त्याने दचकलो.

२६ सप्टेंबर, गुरुवार

डावा डोळा नडतो आहे. त्यांचा डावा, म्हणजे कागदावर उजवीकडचा.

उजव्या डोळ्यात काळंभोर बुबुळ, त्यात खिडकीचा टिपका, बघणाऱ्याने आपले गुन्हे आठवावेत असा. डावा मात्र कागदावर फिका उतरतो. मधोमध राखाडी, धुरकट, भिजलेल्या खडूसारखा. अर्थात माझाच हात चुकतो. म्हणून मी त्यात कोळसा भरला, चांगला काळा. ओळंबाबाई आल्या, माझ्याच डब्यातली गोळी उचलली, तो काळा टिपून टाकला आणि पुढे गेल्या. मी पुन्हा भरला. त्या पुन्हा आल्या.

१ ऑक्टोबर, मंगळवार

डाव्या डोळ्यापायी दुसऱ्या पावाचाही गाभा लागतो आहे. आज तोही कोरला. कडा मात्र चारी बाजूंनी शाबूत ठेवल्या, कोणी बोट दाखवायला नको.

रविवारी ही म्हणाली होती, सगळे संग्रहालयात जाऊ. सासूबाई नातीला म्हणाल्या, "तुम्ही जा. दगडाची माणसं बघायला कशाला? घरात आहे एक." मी हे मनाला लावून घेतलं नाही. फक्त लिहून ठेवतो.

माझ्या कामाच्या अंगरख्याचं तुटलेलं बटण मात्र त्यांनी न सांगता लावून दिलं. काजाच्या चांगलं चार बोटं खाली. आता अंगरखा घातला की एक खांदा वर राहतो आणि ओळंबाबाई ओळंबा घेऊन धावतात. सूड घ्यायचा तर माणसाने इतकी मेहनत घ्यावी का?

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज ओळंबाबाईंनी मला बाजूला घेतलं.

"तू रोज बरोबर काढतोस," त्या म्हणाल्या, "आणि रोज बिघडवतोस."

"मॅडम, मी या बाईंना वीस-बावीस वर्षं ओळखतो. त्या दोन्ही डोळ्यांनी माझ्यावर सारख्याच रागावतात."

"ओळखतोस ते विसर. दिसतं ते काढ."

बिचाऱ्यांचं इंग्रजी खरंच कच्चं आहे. जेवणाच्या सुटीत मी सगळ्यांच्या ईझलवरची चित्रं बघून आलो आणि कोडं उलगडलं. दाढीवाल्याच्या चित्रात डावा डोळा फिका. त्याच्या शेजारच्या मुलीच्या चित्रात फिका. खिडकीपाशी बसणाऱ्या निवृत्त न्यायाधीशांच्या चित्रातही फिका. सगळ्या वर्गाची एकच चूक! उघड आहे, खिडकीच्या काचेत दोष असणार. एकट्या माझ्या चित्रात सासूबाईंचे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत.

न्यायाधीशांबद्दल जरा वाईट वाटलं. आयुष्यभर न्याय केला, आणि शेवटी हे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

परीक्षा झाली. जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण मला क्रमाशिवाय दुसरं काही सुचत नाही.

आज विद्यार्थ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. ही ऑफिसमधून लवकर निघून आली, कन्या आली. भिंतीवर सासूबाईच सासूबाई. नऊ-दहा सासूबाई एका ओळीत, सगळ्या माझ्याकडे बघत. असं स्वप्न मला पूर्वी एकदा पडलं होतं. आणि ओळीच्या टोकाला खुर्चीत खऱ्या, चष्म्याशिवाय.

ही हसत हसत एकेक चित्र बघत आली. दाढीवाल्याचं बघितलं. मुलीचं बघितलं. न्यायाधीशांच्या चित्रापाशी हसू थांबलं. माझ्या चित्राकडे तिने पाहिलंही नाही. सरळ आईसमोर जाऊन वाकली, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला आणि आईच्या उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला.

"आई, मी किती बोटं दाखवतेय?"

"बोटं कसली?" सासूबाई म्हणाल्या. "तू आहेस कुठे?"

खोलीत बाकी कोणाला मराठी येत नव्हतं, पण सगळे वळून बघू लागले.

"केव्हापासून?"

"निघण्याच्या आधी धुरकट होतं थोडं. आता अगदी दूध झालंय."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू मला घेऊन परत निघाली असतीस. तुझं काम अर्धवट, पोरीची सुटी गेली. आणि खरं सांगू?" त्यांनी खुर्चीच्या हातावर हात फिरवला. "इथे बरं वाटत होतं बसायला. दिवसभर कोणी विचारत नाही, आई, अमकं कुठे ठेवलंय, तमकं कुठे ठेवलंय. नुसतं बघतात."

चहा. कुलूप. बटण. बाही. मी चिकटपट्टीच्या खुणेवर पाय रोवून उभा होतो, आणि एकेक गोष्ट नव्याने मोजत होतो.

हिने मग वळून माझं चित्र पाहिलं. तेच एक चित्र, ज्यात तिची आई धडधाकट होती.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो ते असं: "म्हणजे एका अर्थी ते शोधून काढलं ते आमच्याच वर्गाने."

"वर्गाने शोधलं," ही म्हणाली. "तुम्ही खोडत होतात."

ओळंबाबाईंनी माझ्या डब्यातून गाभ्याची एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. सासूबाई कोणी न सांगता परत पोज घेऊन बसल्या. मी खुणेवरून बघितलं, पुढे गेलो, गोळी एकदाच टेकवली. काळा निघाला. खाली जो डोळा उरला तो मी पहिल्या आठवड्यातच काढून ठेवलेला होता.

ओळंबाबाई म्हणाल्या, "नाकाकडे परत जायची गरज नाही."

पास झालो म्हणे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. मोतीबिंदू, पिकून कडक झालेला. आधी आला असतात तर अर्ध्या तासाचं साधं काम होतं, आता अवघड जाईल, नजर किती परत येईल ते पडदा बघितल्यावरच सांगता येईल. परवा ऑपरेशन.

परतताना त्यांनी पुन्हा माझी बाही धरली. मी कोपर जरा बाहेर काढून दिलं, धरायला सोपं जावं म्हणून. अबोला अर्थातच चालू आहे. जिन्यापाशी मी मोठ्याने म्हटलं, "पायरी." त्या हवेला म्हणाल्या, "दिसतेय मला ती."

दिसत नव्हती.

१६ ऑक्टोबर, बुधवार

बाहेर बाकावर बसलो. वेळ जावा म्हणून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचं रेखाटन सुरू केलं. काटे सारखे हलतात, मॉडेल म्हणून अगदी कुचकामी. एकही रेघ खोडली नाही. पाव आणलाच नव्हता.

हिने माझा हात धरला होता की मी हिचा, ते पद्धतशीर मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पट्टी काढली. सासूबाईंनी दोनतीनदा डोळा मिटला, उघडला. डॉक्टरांनी बोटं दाखवली. बरोबर सांगितली. मग भिंतीवरचा तक्ता, वरून तिसऱ्या ओळीपर्यंत. खालच्या ओळी नाही आल्या. डॉक्टर म्हणाले, येतील त्यातल्या काही. हिला रडू फुटलं. कन्येने आजीला फोनवर माझं चित्र दाखवलं. त्यांनी ते जवळ धरलं, लांब धरलं.

"नाक एवढं आहे माझं?"

"ओळंब्याने मोजलंय, आजी."

"त्यांना सांग, छापायला देऊ नका म्हणावं. जुना डोळा आहे तो."

संध्याकाळी संपादकांना कळवलं, मॉडेलची परवानगी नाही. त्यांनी विचारलं, दुसरं काही आहे का? मी म्हटलं, एक नाक आहे. आणि एक घड्याळ.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

शाळेला सुटी नव्हती, मी घेतली. घरात मी सगळ्यांच्या आधी उठलो, पण आज झोळी खुंटीलाच राहू दिली.

ताजा पाव आणला. मधोमध कापला आणि दोन्ही भागांतला गाभा अख्खा, न मोडता, सुरीने सोडवून काढला. हे वाटतं तितकं सोपं नाही. हात स्थिर लागतो, आणि तो मी या देशात येऊन कमावला आहे. तो सासूबाईंच्या बशीत ठेवला, शेजारी साखर. उरलेल्या कडा माझ्या बशीत घेतल्या.

सासूबाई आल्या. डोळ्यावर काळा चष्मा. बशीकडे पाहिलं, मग माझ्या बशीकडे. मग किटली उचलून दोन कपांत चहा ओतला. एक थेंब बाहेर गेला नाही.

मी एक कड तोंडात घातली. चावली. ती काही दाद देईना. माझे दात माझेच आहेत, तरीही. मी दुसऱ्या बाजूने चावून पाहिली. त्या गाभ्याला साखर लावत माझ्याकडे बघत होत्या, दोन्ही डोळ्यांनी, चष्म्याआडून.

मग दुसरा कप त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"चहात बुडवून खा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मऊ होतात."

टेबलाशी आम्ही दोघेच होतो. कन्या उठली नव्हती.

मी बुडवून खाल्ल्या. सगळ्या.